वय विचारू नका, ब्रेक बघा

गेल्या आठवड्यापासून व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय. "१५ वर्षं झालेल्या सगळ्या गाड्या सरकार उचलून भंगारात घालणार." आपल्या निफाड तालुक्यात हा मेसेज आला नाही असा ग्रुप शोधावा लागेल. मला तीन शेतकऱ्यांचे फोन आले. एकजण म्हणाला, "दादा, पिकअप विकून टाकू का? भंगारवाला पस्तीस हजार म्हणतोय." म्हणून ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी खुलासा. मी स्वतः २००८ सालची डिझेल पिकअप चालवतो, त्यामुळे या विषयात मी काही त्रयस्थ नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, फुकटची जाहिरात नको. तालुक्याच्या ठिकाणी पत्रकारिता करणाऱ्याचं घर बातमीच्या मानधनावर चालत नाही हे तुम्हाला माहीत आहे. पेपरची एजन्सी, जाहिरातीचं कमिशन आणि ही पिकअप, या तिघांवर आमचं चालतं. पहाटे साडेतीनला ती नाशिकहून येणारे पेपरचे गठ्ठे घ्यायला फाट्यावर जाते, सहापर्यंत गावोगावच्या पोरांकडे गठ्ठे टाकते आणि आठनंतर कुणाचा कांदा लासलगावला, कुणाचे टोमॅटोचे क्रेट पिंपळगावला. एका गाडीचे दोन धंदे. त्यातला पहिला धंदा नेमका त्या वेळेचा, जेव्हा आपल्याकडे थंडी सगळ्यात जास्त असते.

निफाडची थंडी बाहेरच्यांना गमतीची वाटते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा उतरला की टीव्हीवर "निफाड राज्यात सर्वात थंड" अशी पट्टी येते आणि नाशिकचे लोक धुक्याचे फोटो काढायला येतात. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस पारा दोन अंशांच्या खाली गेला होता, तेव्हा गवतावरचं दव पांढरं झालं होतं. त्या रात्री द्राक्षवाले झोपले नव्हते. मण्यात पाणी भरायच्या वेळेला अशी थंडी पडली की मणी तडकतो, म्हणून बागेत शेकोट्या पेटवायच्या, पहाटे ठिबक सोडायचं. माणसं बागेसाठी जागी असतात आणि वाड्यात उभ्या असलेल्या पिकअपकडे कुणाचं लक्ष नसतं. सकाळी किल्ली फिरवली की ती नुसती कण्हते.

मग सुरू होतो तो उद्योग सगळ्यांनी पाहिलाय. चौघं मिळून धक्का. ट्रॅक्टर लावून ओढ. एखादा हुशार काडीला तेलाचा बोळा बांधून पेटवतो आणि एअर क्लिनरच्या तोंडाशी धरतो. मागच्या वर्षी एका गावात टाकीखाली शेकोटी केलेली मी डोळ्यांनी पाहिली. कृपा करून हे करू नका. खाली डिझेलची टाकी, बाजूला गळकी पाईप आणि हातात जाळ. सुरू झाली तर नशीब म्हणायचं, बाकी काही नाही.

"डिझेल गोठलं" हे वाक्य आपल्याकडे दर थंडीत ऐकू येतं. बहुतेक वेळा ते खरं नसतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत विकलं जाणारं डिझेल ३ अंशांपर्यंत वाहतं राहिलं पाहिजे असं भारतीय मानक आहे, एरवी तीच मर्यादा १५ अंशांची असते. आपल्याकडे पहाटेचे दोन-तीन अंश हे तासा-दोन तासांचे असतात, टाकीभर डिझेल तितक्यात तेवढं गार होत नाही. लडाखची गोष्ट वेगळी. तिथे २०१९ मध्ये उणे ३३ अंशांतही वाहणारं खास हिवाळी डिझेल आणावं लागलं. आपलं दुखणं साधं आणि स्वस्त असतं, फक्त ते ऑक्टोबरमध्ये बघायचं असतं.

हे मला शिकवलं आमच्या चाचांनी. स्टँडमागे पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज आहे, वय पासष्टच्या पुढे. मी त्यांना चाचा म्हणतो, ते मला दादा म्हणतात, पण गाडीची हेळसांड दिसली की "काय रे" वर येतात. त्यांचं म्हणणं असं की डिझेल इंजिनाला ठिणगी नसते, ते दाबाने तापलेल्या हवेवर पेटतं. थंडीत सिलिंडरचं गार लोखंड ती उष्णता पिऊन टाकतं. त्यात बॅटरी थंडीने मंदावलेली आणि ऑइल घट्ट झालेलं. म्हणजे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो आणि जोर देणारीच अर्धी झोपेत. म्हणून आमच्यासारख्या गाडीत हीटर प्लग दिलेले असतात, चार सिलिंडरला चार. यातले दोन जळाले तरी उन्हाळ्यात पत्ता लागत नाही, एका सेल्फमध्ये गाडी सुरू. डिसेंबर आला की तेच दोन प्लग हिशोब मागतात. सुरू झाल्यावर पांढरा धूर आणि मिनिटभर तीन पायांवर चालल्यासारखी धडधड दिसली तर समजायचं.

माझ्या गाडीचं हे नोव्हेंबरात झालं. चाचांनी टेस्ट लॅम्प लावला, दोन प्लग मेलेले. सेट बदलला, बाराशे रुपये. सेल्फ काढून त्याचे कार्बन आणि बुश बदलले, अकराशे. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढली होती, ती गरम पाण्याने धुतली, घासली, घट्ट केली आणि वरून व्हॅसलीन. याचे त्यांनी पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "हे तू घरी करायचंस. माझ्याकडे दात घासायला येतोस का?"

आणखी काही गोष्टी त्यांच्याच. थंडीत टाकी रात्री भरलेली ठेवायची, कारण अर्ध्या टाकीत रात्रभर दमट हवा गार होते, पाणी धरतं आणि ते पाणी फिल्टरमध्ये जातं. फिल्टरच्या खालचा नट आठवड्याला सैल करून थोडं डिझेल सोडायचं, तळाला पाणी दिसतं. फिल्टर बदलला की एअर नीट काढायची, तांब्याचे वॉशर जुने लावायचे नाहीत. बारीकसं वाटतं, पण पहाटे फाट्यावर एअर धरलेली गाडी हातपंप मारून सुरू करताना बोटं बधिर होतात आणि वॉशरची किंमत कळते. बॉनेटवर मी जुनी गोधडी टाकतो, ग्रिलच्या मागे न खपलेल्या अंकांचा गठ्ठा. रात्रभरात इंजिन गार व्हायचं ते होतंच, पण गोधडीखाली बॅटरीवर दव बसत नाही. निघताना दोन्ही काढायचं लक्षात ठेवायचं, नाहीतर चांदोरीपर्यंत काटा लाल. (आमच्या पेपरचा हा उपयोग संपादकांना कळवू नका.)

आता मूळ मुद्द्याकडे येतो. तो मेसेज खोटा आहे. १० वर्षांवरचं डिझेल आणि १५ वर्षांवरचं पेट्रोल वाहन नको हा नियम दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्याचा. हरित लवादाचा आदेश २०१५ चा, सर्वोच्च न्यायालयाने तो २०१८ मध्ये उचलून धरला. महाराष्ट्रात तो लागू नाही. १५ वर्षं झाली की नोंदणी संपते ती सरकारी गाड्यांची, १ एप्रिल २०२३ पासून. खासगी मालकाच्या मालवाहू गाडीला वय नाही, फिटनेस आहे. आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांतून एकदा, नंतर दरवर्षी. पास झाली तर चालवा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने स्क्रॅप धोरण आणलं त्यातही तत्त्व हेच सांगितलं होतं की वय नाही, अवस्था बघणार.

कागदावर हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या गाड्यांच्या फिटनेसची फी वाढली. आपल्या पिकअपच्या वर्गाला ती सात-साडेसात हजारांच्या घरात गेली, मोठ्या ट्रकला साडेबारा हजार. आधी आपलं काम हजाराच्या आत-बाहेर व्हायचं. म्हणजे चाचणीत अवस्था बघायची आणि पावती मात्र वयावर फाडायची. माझी गाडी पहिल्या फेरीत सगळ्या तपासण्या पास झाली तरी फी तीच, आणि शेजारची गाडी ब्रेक लागत नसताना कशीबशी पास झाली तरी फी तीच. मग गाडी नीट ठेवणाऱ्याला त्याचं काय बक्षीस?

माझा गेल्या वर्षीचा वहीतला हिशोब देतो, कारण "जुनी गाडी म्हणजे पैशाचा खड्डा" असं म्हणणारे बरेच आहेत. क्लच प्लेट आणि प्रेशर ७,८००. बॅटरी ६,४००. दोन पाटे आणि बुश ५,२००. ब्रेक लायनर, व्हील सिलिंडर ३,९००. वर सांगितलेले हीटर प्लग आणि सेल्फ मिळून २,३००. ऑइल, फिल्टर, ग्रीस, पंक्चर असं किरकोळ ९,०००. एकूण ३४,६००. नवी पिकअप आज नऊ-दहा लाखांना पडते. आठ लाख कर्ज पाच वर्षांसाठी काढलं तर हप्ता महिन्याला सतरा हजारांच्या आसपास बसतो. म्हणजे जुनीची वर्षभराची दुरुस्ती आणि नवीचे दोन हप्ते सारखे. जुनी भंगारात दिली तर धोरणानुसार नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के मिळणार, शिवाय नवीच्या करात सूट. पण सूट घ्यायला आधी नवी घ्यावी लागते. ज्याचा कांदा गेल्या वेळी चाळीतच सडला त्याला कोणती बँक आठ लाख देणार आहे?

आता यातला जो भाग मला खरंच अस्वस्थ करतो तो सांगतो. त्या साडेसात हजारांचं पुढे काय होतं? ते घराच्या बजेटमधून येत नाहीत, गाडीच्याच खिशातून येतात. माझ्या हिशोबात पुन्हा बघा, ब्रेकचं पूर्ण काम ३,९०० रुपयांचं आहे. एका फीमध्ये ब्रेकचं काम होऊन एखादं टायर येतं. मी किमान दोन माणसं ओळखतो ज्यांनी फी भरली आणि लायनर "पुढच्या महिन्यात" वर टाकले. आणि त्याहून जास्त माणसं अशी, ज्यांनी फिटनेसचाच नाद सोडला. गाडी रात्री काढायची, हायवे टाळायचा, शिवाराच्या रस्त्याने जायचं. गाडी तीच, रस्ता तोच, फक्त आता तिच्याकडे कुणी बघणारच नाही.

ही केवळ कागदाची गोष्ट नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे फिटनेस नसलेली मालवाहू गाडी ही वैध नोंदणी नसलेली धरली जाते. तिचा अपघात झाला तर विमा कंपनी आधी तेच कागद काढते. आणि आपल्याकडे द्राक्षाच्या हंगामात पहाटे पिकअपमध्ये मागे काय असतं? माल नसतो. छाटणीला, विरळणीला, खुडणीला निघालेल्या बाया असतात, पंधरा, कधी वीस, शाली गुंडाळून उभ्या. मालवाहू गाडीत बसलेल्या प्रवाशाला विम्याचं संरक्षण नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने केव्हाच सांगितलं आहे. मी माझ्या गाडीत माणसं घेत नाही, त्यावरून नातेवाइकांशी भांडणं झाली आहेत. पण मला हेही माहीत आहे की त्या बायांना पहाटे साडेपाचला मळ्यात नेणारी एसटी नाही. त्या पिकअपनेच जाणार आहेत. तर किमान तिचे ब्रेक लागले पाहिजेत.

वीस वर्षांत मी अपघाताच्या किती बातम्या लिहिल्या त्याची मोजदाद नाही. "ब्रेक निकामी झाल्याने चालकाचा ताबा सुटून" हे वाक्य आमच्याकडे इतकं ठरलेलं आहे की बोटं आपोआप टाइप करतात. एकदा अशीच बातमी चाचांना वाचून दाखवली. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. म्हणाले, "निकामी एका दिवसात होत नाही दादा. पेडल खाली जायला लागतं, गाडी एका बाजूला ओढते, चाकाच्या आतून तेल दिसतं. महिनाभर गाडी सांगत असते. तुम्ही लोक शेवटचा दिवस लिहिता."

तेव्हापासून अपघाताच्या ठिकाणी गेलो की मी पंचनामा करणाऱ्याला फिटनेस आणि शेवटच्या दुरुस्तीबद्दल विचारतो. बऱ्याचदा उत्तर मिळत नाही. विचारल्यावर लोक माझ्याकडे बघतात, एवढं मात्र होतं.

दुसरी बाजूही लिहायला हवी. जुनी गाडी म्हणजे पवित्र गाय नाही. आपल्या काही पिकअप असा काळा धूर सोडतात की मागच्या मोटारसायकलवाल्याला रस्ता दिसत नाही. २०१० च्या आधीच्या गाड्यांना धुराची मर्यादा ६५ आहे, नव्यांच्या मानाने ती सैल आहे, तरी अनेकांना ती झेपत नाही. नोझल वर्षानुवर्षं साफ केलेले नसतात, एअर फिल्टर धुळीने भरलेला असतो आणि पीयूसीचा कागद मात्र ताजा. गाडी मशीनला न लावता कागद कसा निघतो हे मी वेगळं सांगायला नको. अशा गाड्या रस्त्यावरून जायलाच हव्यात, मग त्या सात वर्षांच्या का असेनात. चाचणी कडक करा, रोलरवर ब्रेक मोजा, धूर मोजा, हेडलाइट बघा. स्वयंचलित केंद्रं सगळीकडे येणार म्हणतात, लवकर येऊ देत. मशीन ओळखीचा माणूस बघत नाही. माझं म्हणणं एवढंच की जी गाडी पहिल्या फेरीत पास होते तिची फी तपासणीच्या खर्चाइतकी ठेवा आणि जी नापास होते तिला पुन्हा यायला जास्त भरू दे. वयाला दंड लावून धूर कमी होत नाही.

आणि तालुक्यात परिवहन खात्याचे कॅम्प होतातच, लायसन्ससाठी. तसाच एक कॅम्प ऑक्टोबरात, द्राक्षाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, फक्त ब्रेक आणि लाइटच्या तपासणीसाठी का होऊ नये? पावती नाही, दंड नाही. कागदावर लिहून द्या की अमुक चाकाचा ब्रेक कमी लागतो. ही मागणी मी लेखी देणार आहे. सोबत ज्यांना सही करायची त्यांनी कमेंटमध्ये गावाचं नाव टाका.

एक गोष्ट मात्र कुठल्या कॅम्पने सुटणार नाही. चाचांच्या गॅरेजमध्ये आता पोरगं नाही. त्यांचा मुलगा पुण्याला शोरूममध्ये आहे, तिथे लॅपटॉप जोडला की दोष स्क्रीनवर येतो आणि अख्खा सुटा भाग बदलतात. चांगली नोकरी आहे, त्याला कुणी नावं ठेवू नयेत. आयटीआयत मेकॅनिक डिझेलचा ट्रेड आजही आहे, पण तिथून निघालेली पोरं पत्र्याच्या शेडमध्ये काळे हात करायला थांबत नाहीत, आणि दिवसाला तीन-चारशेसाठी का थांबावं? सेल्फचा बुश बदलणारा माणूस नसला तर बाराशेचं काम आठ हजारांचा नवा सेल्फ होतं. असं तीन-चार वेळा झालं की माझा वरचा सगळा हिशोब कोलमडतो आणि गाडी आपोआप भंगारात जाते, कुठलाही कायदा न करता. चाचांचा डावा गुडघा गेलाय, गाडीखाली झोपता येत नाही. परवा मीच खाली गेलो, ते स्टुलावर बसून सांगत होते कुठला नट आधी सोडायचा.

ज्यांनी फोन केले त्या तिघांसाठी: गाडी घाबरून विकू नका. आधी चारही चाकं उघडून ब्रेक बघून घ्या, हीटर प्लग तपासा, विम्याची तारीख बघा. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लावायची आहे, त्यासाठी आधी ३१ मार्च २०२५ ही मुदत सांगितली होती. ती नोंदणी फक्त अधिकृत वेबसाइटवर करा. फोनवर लिंक पाठवून पैसे मागणारा फसवतोय, तालुक्यात तसे कॉल सुरू झालेत.

माझ्या गाडीचा फिटनेस २८ जानेवारीला आहे. मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक अजून किंचित कमी लागतोय, चाचा म्हणतात सिलिंडरचं रबर आहे, शुक्रवारी उघडू. पास झाली की नापास, पावतीच्या फोटोसकट इथेच टाकतो.